कुलूपबंद फ्लॅट पुन्हा नांदता कसा करायचा

आमची सोसायटी पुण्यातल्या कोथरूडमधली, १९८६ सालची. चार मजले, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही. २०१९ मध्ये मी सेक्रेटरी झाले तेव्हा त्यातले पाच फ्लॅट बंद होते. पाचही घरांचा मेंटेनन्स वेळेवर जमा व्हायचा, त्यामुळे कमिटीत त्यांचा विषय कधी निघतच नसे. तो निघाला त्या वर्षीच्या पावसाळ्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात छताला ओल आली आणि वरच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, हे इमारतीत कोणालाच सांगता येईना. मालक कॅनडात, किल्लीही तिथेच.

आज त्या पाचांपैकी चार घरांत दिवा लागतो. एकात कुटुंब राहते, एकात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तीन मुली, एक घर विकले गेले आणि एकात मालक स्वतः परत आले. पाचवे भावाबहिणींच्या वादात अजून अडकले आहे. या चार घरांच्या निमित्ताने जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. तुमचे आईवडिलांचे घर, सासरचे घर किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट बंद असेल तर उपयोगी पडेल.

हा प्रश्न आपल्या एका इमारतीपुरता नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून जास्त घरे रिकामी आढळली होती आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, सुमारे वीस लाख, महाराष्ट्रात होती. एकीकडे मुले सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत सहा-सहा जण राहतात आणि दुसरीकडे दोन बेडरूमची घरे वर्षानुवर्षे धूळ खातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी भीतीबद्दल

घर बंद का ठेवले, असे विचारले की लोक दुरुस्तीचा खर्च सांगतात, वेळ नाही म्हणतात. थोडे बसून बोलले की खरे कारण बाहेर येते. आमच्या पहिल्या मजल्यावरचे आजोबा बंगळुरूला मुलाकडे गेले तेव्हा मला म्हणाले, "ताई, भाडेकरू ठेवला की घर गेलं म्हणून समजा. माझ्या वडिलांचं नारायण पेठेतलं गेलंय."

त्यांची भीती खोटी नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे जवळपास अशक्य केले. त्यातून वाट म्हणून लोक 'लायसन्स'वर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता नुसत्या वापराच्या परवानगीवर, घरे देऊ लागले. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते ते कायद्याने संरक्षित भाडेकरू ठरले. ज्या पिढीने हे डोळ्यांसमोर पाहिले, तिने मुलांना एकच गोष्ट शिकवली: कुलूप लावा, पण कोणाला देऊ नका.

पण आता कायदा तो नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची असते. नाही सोडली तर मालक दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस जागा अडवली तितक्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. लेखी करारात जे लिहिले आहे तोच निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच.

आजोबांना हे सगळे मी फोनवर तीन वेळा समजावले. चौथ्या वेळी त्यांच्या मुलाने कायद्याचे ते कलम स्वतः वाचून दाखवले, तेव्हा ते तयार झाले. तुमच्या घरातही असे कोणी असेल तर कागद समोर ठेवून बोला. नुसते "काळ बदललाय बाबा" म्हटल्याने कोणाची भीती जात नाही.

घर कोणाचे आहे, ते कागदावर आणा

बंद घरांपैकी बरीच घरे अशी असतात की मालक गेले आणि मुलांनी नावे बदललीच नाहीत. म्हणून झाडू हातात घेण्याआधी फाइल हातात घ्या. त्यात हे कागद शोधा: खरेदीचा मूळ करार आणि त्याची सूची क्रमांक दोन, ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, नामनिर्देशनाचा अर्ज, महापालिकेचे मिळकतकराचे शेवटचे बिल, विजेचे बिल, मेंटेनन्सच्या पावत्या, आणि मृत्युपत्र असल्यास ते.

इथे एक गैरसमज मी शंभर वेळा ऐकला आहे. "नॉमिनी मी आहे, म्हणजे घर माझं." तसे नसते. नॉमिनी हा सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, हे ठरवण्यापुरता असतो. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे सभासद गेल्यावर कायदेशीर वारसाला सभासद करेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. घराची मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. मुलीचे लग्न झाले आहे, हे तिला वगळण्याचे कारण होत नाही.

सर्व वारसांचे एकमत असेल आणि घर एकाच्याच नावावर करायचे असेल, तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचे. कुटुंबात मोबदला न घेता वडिलोपार्जित घरातला हक्क सोडला तर त्यावर मुद्रांक नाममात्र लागतो. साध्या कागदावरचे "माझी हरकत नाही" हे पत्र हक्कसोडपत्र नव्हे. ते वर्षभर कपाटात ठेवता येईल, पण पुढे विक्रीच्या वेळी बँकेचा वकील ते मान्य करणार नाही. वारस कोण, याचाच पुरावा लागत असेल तर कोर्टाकडून वारस दाखला घ्यावा लागतो. आपल्याकडे तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिला जातो, हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटले होते. मृत्युपत्र असेल तर पुण्यातल्या घरासाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेणे, सक्तीचे नाही. तरी भाऊबंदकीची शंका असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.

आणि एकमत नसेल तर? तर मी सांगेन ते नीट ऐका: वाटणी पूर्ण व्हायची वाट पाहत घर बंद ठेवू नका. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचे वारस दोघे, दादा कॅनडात आणि ताई नाशिकला. घर विकायचे की ठेवायचे, यावर त्यांचे तीन वर्षे जमत नव्हते. शेवटी एवढेच ठरले की विकण्याचा विषय पुढच्या दिवाळीला घ्यायचा, तोवर दोघांनी मिळून घर भाड्याने द्यायचे आणि भाडे दोघांच्या संयुक्त खात्यात टाकायचे. करारावर दोघांची नावे मालक म्हणून. दादाने भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र ताईच्या नावे पाठवले. परदेशात केलेले असे मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे विसरलात तर ऐन नोंदणीच्या दिवशी अडकाल.

कुलूप उघडायचा दिवस

हा दिवस नीट ठरवा. एकट्याने जाऊ नका. सकाळी जा, सोबत टॉर्च, चांगला मास्क, हातमोजे, पाण्याची बाटली, कुलपात टाकायला तेल आणि दोन मोठ्या पिशव्या न्या. शेजाऱ्यांना आणि सोसायटीला आधी कळवा. घरावर एकाहून अधिक वारसांचा हक्क असेल तर दार उघडल्यापासून मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा आणि तो सगळ्यांना पाठवा. आमच्या ताईंनी हे केले आणि नंतर "आईच्या पाटल्या कुठे गेल्या" हा प्रश्न निघाला तेव्हा त्या व्हिडिओनेच वाद मिटवला.

आत गेल्यावर दिव्याचे बटण दाबू नका. आधी गॅसचा वास येतो का पाहा, मग खिडक्या उघडा आणि अर्धा तास बाहेर जिन्यात बसा. मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून ठेवा. पाइप गॅस असेल तर कंपनीच्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही.

पुण्यात बंद घराचे पहिले भाडेकरू म्हणजे कबुतरे. बाल्कनीत, बाथरूमच्या काचेच्या खिडकीत, एसीच्या मागे त्यांची विष्ठा साचून वाळलेली असते. ती कोरडी झाडू नका. तिची धूळ फुप्फुसात गेली तर दम्यासारखे गंभीर आजार होतात. आधी पाणी मारून भिजवा, मग खरवडून पिशवीत भरा, शेवटी जंतुनाशकाने पुसा. घरात कोणाला दमा असेल तर त्या माणसाने या दिवशी येऊच नये.

पाण्याची गोष्टही तितकीच महत्त्वाची. लॉफ्टवरच्या टाकीत जुने पाणी असेल तर ते आधी पूर्ण काढून टाका आणि टाकी घासून घ्या. कुंडीखालची ताटली, कूलर, बाल्कनीतला डबा, जिथे पाणी साचले असेल ते सर्व उपडे करा. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले. झिकाचा आणि डेंगीचा डास घरातल्या अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली तेव्हा तर पिण्याच्या पाण्याची भीती सगळ्या शहराला बसली. म्हणून बंद घरातले पहिले काही दिवसांचे पाणी प्यायचे नाही. प्रत्येक नळ एकेक करून पंधरा मिनिटे सोडा. जुन्या लोखंडी पाइपांतून सुरुवातीला लाल पाणी येईल. ते थांबतच नसेल तर पाइप आतून गंजलेत, बदलावे लागतील.

कमोड आणि नहाणी ट्रॅपमधले पाणी आटले की ड्रेनेजचा वास आणि झुरळे घरात येतात. प्रत्येकात तांब्याभर पाणी ओता. निम्मा वास तिथेच जातो.

सामानाचे काय

या टप्प्यावर बहुतेक कुटुंबे थांबतात. आईची शिलाई मशीन, बाबांची पुस्तके, पितळी डबे, लग्नातल्या साड्या. माझ्या मते एक दिवस ठरवून सगळ्या भावंडांनी एकत्र बसावे आणि हे काम नोकरांवर सोडू नये. आम्ही चार ढीग करतो: ठेवायचे, कोणाला तरी द्यायचे, विकायचे, टाकायचे. कागद मात्र कुठल्याच ढिगात टाकायचे नाहीत. ते सगळे एका ट्रंकेत, आणि नंतर सवडीने एकेक पाहायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गव्हाच्या डब्यात मुदत ठेवींच्या पाच पावत्या सापडल्या होत्या, म्हणून धान्याचे डबेही चाळून बघा. देवघरातले देव कोणी घ्यायचे हे त्याच दिवशी ठरवा, त्या प्रश्नावर घर अडल्याचे मी पाहिले आहे.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांना विचारा. लोखंड, पितळ, जुने पंखे, फर्निचर यांचा भाव माहीत करून घ्यायचा असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, म्हणजे दारावर आलेला भंगारवाला काय देतो ते कळेल. गाद्या आणि मोठ्या वस्तू कचऱ्याच्या गाडीत बसत नाहीत. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना आधी विचारा, त्या वाट सांगतात. जुनी औषधे वेगळ्या पिशवीत बांधून द्या, उघड्यावर टाकू नका.

ओल, वायरिंग आणि बाकी दुरुस्ती

ओल कुठून येते हे कळल्याशिवाय रंगारी बोलवू नका. पुण्यात रंगाचे पैसे दोनदा जाण्याचे हेच मुख्य कारण आहे. छताची ओल पावसात वाढते आणि मार्च-एप्रिलमध्ये सुकते, तर ती गच्चीतून आहे. वर्षभर सारखीच राहते आणि बाथरूमच्या खालीच आहे, तर ती वरच्या घराच्या प्लंबिंगची. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीची गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम आहे आणि एका घरातल्या संडास-बाथरूममधून खाली जाणारी गळती त्या सभासदाने स्वखर्चाने थांबवायची असते. तुमच्या बाथरूममधून खाली गळते का, हे पाहायचे असेल तर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास साठवा आणि खालच्या घरात जाऊन छत पाहा.

छताचा प्लास्टर फुगून सळई दिसत असेल तर नुसते सिमेंट थापून भागत नाही. सळईचा गंज काढून, तिला लेप देऊन मग भरायचे असते. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का, ते सोसायटीला विचारा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे.

पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर मोठा खर्च करू नका. पण तेवढ्यासाठी घर बंदही ठेवू नका. पुनर्विकासाला "पुढच्या वर्षी" म्हणता म्हणता सात-आठ वर्षे जातात. अशा घरात सुरक्षिततेची कामे तेवढी करावीत: वायरिंग, गळती, दारे-खिडक्या. फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा राहू द्यावा.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नका. परवानाधारक वायरमनकडून सगळी वायर तपासून घ्या. ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतीच असते. फ्यूजच्या जागी एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि सगळ्या घरासाठी एक आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. गळका गीझर आणि कच्ची अर्थिंग एकत्र आले की माणूस दगावतो. घर बंद असताना महावितरणचे बिल शून्य युनिटचे असले तरी स्थिर आकार येतच राहतो. तो थकून मीटर कायमचा काढून नेला असेल तर थकबाकी भरून नव्याने जोडणीचा अर्ज करावा लागेल, आणि ते काम दुरुस्तीच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

लाकडी चौकटी बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला की वाळवी. नुसता फवारा पुरत नाही, भिंतीच्या कडेने भोके पाडून औषध सोडणाऱ्याला बोलवा.

वेळेचे गणित असे जमवा. ओल पाहायची असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये घर उघडा. पाऊस थांबल्यावर, दसऱ्यानंतर गळतीची कामे करा. भिंत दोन-तीन महिने सुकू द्या. पुण्याची कोरडी थंडी त्यासाठी उत्तम. रंग फेब्रुवारीत. एप्रिलपासून लोक घरे शोधू लागतात, कारण जूनमध्ये शाळा सुरू होतात.

पैशांचा हिशेब मांडा

तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा हिशेब मी ताईंसोबत वहीत मांडला होता. मेंटेनन्स महिना २,५०० म्हणजे वर्षाला ३०,०००, मिळकतकर १२,०००, विजेचा स्थिर आकार धरून सुमारे १,८००. घर काहीही न करता वर्षाला ४३,८०० रुपये घेत होते. घर बंद होते त्या नऊ वर्षांत चार लाखांच्या जवळपास. दुरुस्तीचा अंदाज तीन लाख आला आणि भाडे २२,००० ठरले, म्हणजे खर्च साधारण चौदा महिन्यांत निघणार होता. तो आकडा पाहून ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

करांबद्दल थोडक्यात. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिल्यावर ती मिळत नाही, हे भाडे ठरवताना धरा. थकीत मिळकतकरावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणून जुनी बाकी आधी मिटवा. प्राप्तिकरात दोन घरे स्वतःच्या वापराची म्हणून शून्य उत्पन्नाची धरता येतात. तिसरे घर बंद असले तरी त्याचे भाडे मिळते असे मानून कर लागतो. भाडे प्रत्यक्ष मिळू लागले की भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाडे देतानाच टीडीएस कापायचा असतो. हे पुण्यातल्या फार कमी भाडेकरूंना माहीत असते, त्यामुळे करारातच लिहा.

कोणाला द्यायचे

कुटुंबालाच द्यायचे, हा आपल्याकडचा ठरलेला आग्रह. मला तो पटत नाही. जिथे घर आहे तिथली गरज पाहा. पेठांमध्ये, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास अभ्यास करणारी मुले-मुली वर्षभर जागा शोधत असतात. खराडी, हडपसर, बाणेर या भागांत कंपन्यांतली तरुण जोडपी. मोठ्या रुग्णालयांजवळ परिचारिका. मेट्रोच्या वनाज मार्गामुळे कोथरूडहून रोज शिवाजीनगर किंवा त्यापुढे जाणारेही आता चौकशी करतात. आमच्या अभ्यास करणाऱ्या तीन मुलींबद्दल सभेत दोन सभासदांनी हरकत घेतली होती. उपविधींत राहणाऱ्याचे लग्न झाले आहे की नाही, तो कुठल्या जातीधर्माचा आहे, यावरून अडवण्याचा अधिकार सोसायटीला कुठेही दिलेला नाही, एवढेच मी सभेत वाचून दाखवले. त्या मुलींनी पहिल्या गणपतीत आरतीची सगळी जबाबदारी घेतली आणि हरकत घेणाऱ्यांपैकी एका काकूंकडून आता त्यांना रविवारी डबा जातो.

एक मात्र टाळा: "ओळखीचा आहे, राहू दे, घर सांभाळेल" म्हणून करार न करता कोणाला ठेवणे. परवानगीने राहणारा मालक होत नाही, पण कागद नसला की परवानगी कोणी कधी दिली हेच सिद्ध करत बसावे लागते. दुसऱ्याच्या जागेवर उघड, अखंड ताबा बारा वर्षे ठेवून मालकी सांगणारे दावे अशाच घरांत उभे राहतात. भाचा असो की जुना नोकर, भाडे एक रुपया असो, करार करा.

करार

लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठे नुकसान असे की वाद झाला तर राहणारा अटींबद्दल जे सांगेल तेच आधी खरे धरले जाते. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज पूर्ण चुकीचा आहे.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क सगळ्या मुदतीचे भाडे आणि परत करायच्या अनामतीवर दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागते. भाडे २०,०००, अनामत ६०,०००, मुदत ११ महिने असेल तर भाडे २,२०,००० आणि व्याज ५,५००. मिळून २,२५,५००, त्याचा पाव टक्का म्हणजे ५६४ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय हाताळणी शुल्क. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइन घरी बसून होते. एजंट ठसे घेण्याचे यंत्र घेऊन येतो.

करारात सगळे लिहा: किती माणसे राहणार, मेंटेनन्स कोण भरणार, वीज आणि गॅस कोणाच्या नावे, किरकोळ आणि मोठी दुरुस्ती कोणाकडे, किती दिवसांची सूचना, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती. पंखे, गीझर, नळ, कपाटे यांची यादी फोटोंसह जोडा. ही यादी केल्याने अनामत परत करतानाची ऐंशी टक्के भांडणे होत नाहीत, असा माझा अनुभव. मग भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा. ती न देणे हा गुन्हा ठरू शकतो.

सोसायटीला आधी लेखी कळवा आणि कराराची प्रत द्या. भाड्याने देण्यासाठी कमिटीने तुमच्या भाडेकरूची मुलाखत घ्यायची गरज नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सेवा शुल्क २,००० असेल तर महिना २०० रुपये, बस. घर नुसते बंद असेल किंवा मुलगा-मुलगी, आईवडील राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. तुमची सोसायटी भाड्याच्या टक्केवारीने मागत असेल तर तो आदेश समोर ठेवा.

पुढे काही बिनसले तर भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्यात त्याला स्पष्ट मनाई आहे. सक्षम प्राधिकाऱ्याची वाट वेळ घेईल, पण ती तुमच्या बाजूची आहे. कराराची अखेरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याआधी दोन महिने बोलणी सुरू करा. मुदत संपल्यावर नवा करार न करता भाडे घेत राहणे ही चूक मी अनेक शहाण्या माणसांना करताना पाहिले आहे.

पेठेतल्या वाड्यातल्या बंद खोल्यांना यातले सगळे लागू होत नाही. तिथे जुने संरक्षित भाडेकरू, चुलत घराण्यांचे हिस्से आणि धोकादायक इमारतीच्या नोटिसा यांचा गुंता असतो. त्यासाठी वाड्यांची कामे केलेला वकील आणि महापालिकेच्या यादीवरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर, दोघेही सुरुवातीलाच हवेत.

सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी

बंद घरांची यादी करा. प्रत्येक मालकाचा चालू फोन, ईमेल आणि पुण्यातल्या एका नातेवाइकाचा नंबर घ्या. किल्लीचा एक जोड त्या नातेवाइकाकडे असू द्या. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, मालकाला घराचा बाहेरून काढलेला फोटो आणि त्यासोबत चार ओळी पाठवा: गच्चीचे काम झाले, शेजारचे घर किती भाड्याने गेले, रंगारी कोण चांगला. हक्काने तगादा लावण्यापेक्षा अशा चार ओळींचे उत्तर लवकर येते. आमच्या चारांपैकी दोन घरांची सुरुवात अशाच पत्राने झाली.

भाडेकरू आल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात, जोराचा पाऊस दोन दिवस सलग पडल्यावर, मालकाने किंवा सोसायटीतल्या कोणीतरी जाऊन छताचे कोपरे पाहावेत. गेल्या जुलैत मी तिसऱ्या मजल्यावर गेले. जुनी ओल होती त्या कोपऱ्यात आता पलंग आहे. मी हात लावून पाहिला, भिंत कोरडी होती. फोटो काढून कॅनडात आणि नाशिकला पाठवला.